पंजाब १९१९: मार्शल लॉमधल्या शिक्षांचं पुढे काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालियनवाला बागेवर काही लिहिलं की बहुतेक प्रश्न डायरबद्दल येतात. पण प्रत्येक वेळी चार-सहा जण वेगळंच विचारतात: गोळीबारानंतर जे पकडले गेले, ज्यांना फाशी-जन्मठेप सुनावली गेली, त्यांचं काय झालं? त्या शिक्षा नंतर खाली कशा आल्या? तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मुळात एवढे खटले कशावरून झाले?

रौलट कायद्याविरुद्ध हरताळ सुरू होते. १० एप्रिल १९१९ ला सकाळी डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल या स्थानिक पुढाऱ्यांना अमृतसरच्या डेप्युटी कमिशनरने बंगल्यावर बोलावलं आणि तिथूनच मोटारीत घालून धरमशाळेला रवाना केलं. बातमी फुटल्यावर जमाव निघाला, त्याच्यावर गोळीबार झाला, आणि मग बँका जाळल्या गेल्या, पाच युरोपीय मारले गेले. १२ तारखेला कसूरला आणि १४ ला गुजरांवाल्यात दंगे झाले. बागेतला गोळीबार १३ चा. १५ पासून लाहोर-अमृतसरला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, पुढच्या दिवसांत गुजरांवाला, गुजरात (पंजाबातला) आणि लायलपूर हे जिल्हेही त्याखाली आले. खटले या सगळ्याचे आहेत, फक्त अमृतसरचे नाहीत.

२. खटले कोणत्या कोर्टात चालले? लष्करी की साध्या?

दोन्ही नाहीत. व्हाइसरॉयच्या वटहुकुमाने तीन-तीन सदस्यांची चार कमिशनं नेमली गेली. मोठे खटले त्यांच्यापुढे चालले. किरकोळ मानलेले गुन्हे ‘समरी कोर्टां’कडे गेले, म्हणजे एकेका अधिकाऱ्यापुढे तिथल्या तिथे निकाल. पुढचा फेरविचार समजून घ्यायचा तर हा फरक लक्षात ठेवा. नंतर आणखी एक वटहुकूम निघाला आणि कमिशनांचा अधिकार मागे, ३० मार्चपर्यंत नेला गेला. मार्शल लॉ लागायच्या आधी लिहिलेल्या अग्रलेखावरही मार्शल लॉचा खटला भरता आला, तो यामुळे.

३. किती जणांना किती शिक्षा झाल्या?

कमिशनांपुढे ८५२ आरोपी उभे राहिले आणि ५८१ दोषी ठरले. त्यांपैकी १०८ जणांना फाशी आणि २६५ जणांना जन्मभर काळं पाणी, म्हणजे तेव्हाची जन्मठेप. दर तीन दोषींतल्या जवळपास दोघांच्या वाट्याला या दोनच शिक्षा आल्या. समरी कोर्टांचा हिशेब वेगळा: तिथे कैद, दंड आणि फटके. हे आकडे ऐकून जो पुढचा प्रश्न येतो, तो हाच:

४. एवढ्या फाशी आणि जन्मठेपा? न्यायाधीश इतके निर्दय होते का?

काही असतीलही. पण खरं उत्तर कलमात आहे, आणि ते सहसा सांगितलं जात नाही.

भारतीय दंड संहितेचं कलम १२१, ‘राजाविरुद्ध युद्ध करणं’. या कलमाखाली दोषी ठरवलं की कोर्टापुढे दोनच पर्याय उरत: फाशी किंवा जन्मठेप. दहा वर्षं नाही, पाच नाही. वर सगळी मालमत्ता जप्त, आणि त्या काळच्या मजकुराप्रमाणे तीही टाळता येत नव्हती. आता ज्याने स्टेशनवर दगड मारला आणि ज्याने खून केला, अशा दोघांनाही ‘युद्धा’त ओढलं, तर दगडवाल्याला कमीत कमी शिक्षा जन्मठेपेचीच होणार. म्हणजे कळीचा निर्णय शिक्षा ठरवताना झालाच नाही. तो आरोप ठेवताना, कलम निवडताना होऊन गेला.

किचलू आणि सत्यपाल यांचं उदाहरण घ्या. अमृतसरमध्ये पहिला दगड पडला तेव्हा ते धरमशाळेच्या वाटेवर होते, तेही सरकारी मोटारीतून. तरी कट आणि राजाविरुद्ध युद्ध याखाली दोघांना जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा नंतर इतक्या झपाट्याने खाली आल्या त्याचं कारणही इथेच आहे. त्या कलमाने फुगल्या होत्या, माणसाच्या कृत्याने नव्हे.

५. मग त्यांनी वरच्या कोर्टात अपील का केलं नाही?

करता येत नव्हतं. वटहुकुमाने वाट बंद केली होती. लाहोरला हायकोर्ट त्याच महिन्यात, १ एप्रिलला सुरू झालेलं, पण कमिशनचा निकाल त्याच्याकडे जाऊ शकत नव्हता. बचावाचीही अडचण होती. पंजाबबाहेरच्या वकिलांना मार्शल लॉच्या हुकमाने प्रांतात यायला बंदी होती.

गुजरांवाल्याच्या जगन्नाथ यांचा खटला गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लावून धरला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: दंगा झाला त्या दिवशी मी गावात नव्हतो, काठियावाडला निघालो होतो. असं म्हणणं खरं की खोटं, हे तिथल्या साक्षी नीट तपासून ठरवता येतं. पण घाईच्या कोर्टात हेच सगळ्यात अवघड. आणि साक्षीपुरावा त्रोटक टिपला गेला की नंतर फेरविचाराला बसणाऱ्यापुढेही त्रोटकच कागद येतो.

एक वाट उरली होती, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे साम्राज्यातल्या सर्वांत वरच्या न्यायपीठाची. ती प्रश्न १० मध्ये.

६. अपील नव्हतं, तर शिक्षा कमी केल्या कुणी?

सरकारनेच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१८९८) कलम ४०१ आणि ४०२ प्रमाणे प्रांतिक सरकारला शिक्षा स्थगित करण्याचा, माफ करण्याचा किंवा हलक्या शिक्षेत बदलण्याचा अधिकार होता. मे १९१९ च्या अखेरीस पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर गेले आणि त्यांच्या जागी एडवर्ड मॅक्लॅगन आले. कमिशनांनी दिलेल्या शिक्षांची मोठी काटछाट त्यांच्या कारकिर्दीत झाली. त्यानंतर ओरड थांबेना म्हणून दोन न्यायाधीशांपुढे प्रकरणं ठेवली गेली: पाटणा हायकोर्टाचे बी. के. मलिक आणि लाहोरचे शेव्हिस. एक हिंदी, एक इंग्रज. पण त्यांनी कोर्ट म्हणून बसायचं नव्हतं. कागद वाचायचे आणि सरकारला सल्ला द्यायचा, इतकंच.

७. काटछाट किती झाली? आकडे द्या.

१०८ फाशींपैकी २३ कायम ठेवल्या गेल्या. उरलेल्या ८५ जणांचं असं झालं: २३ जणांना जन्मठेप, २६ जणांना दहा वर्षं, १४ जणांना सात वर्षं, १० जणांना पाच वर्षं, आणि १२ जणांना एक ते चार वर्षं.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. बारा माणसं अशी, की ज्यांना आधी फासावर चढवायचं ठरलं होतं आणि नंतर त्याच गुन्ह्याला चार वर्षांच्या आत शिक्षा पुरेशी वाटली. पुरावा बदलला नव्हता, नवा साक्षीदार आला नव्हता. बदलला तो फक्त वाचणारा.

२६५ जन्मठेपांपैकी कायम राहिल्या अवघ्या दोन.

८. शिक्षा कमी होणं, सूट, माफी, निर्दोष सुटणं… नेमका फरक काय?

या गोंधळाला थोडी आपली भाषाही जबाबदार आहे. कैद्याला चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारे दिवस, त्यालाही तुरुंगात ‘माफी’ म्हणतात. सरकारने शिक्षा सोडून दिली तरी माफी, राजाने सगळ्यांना सोडलं तरी माफी, आणि कैद्याने हात जोडून मागितली तीही माफीच. कायद्यात या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

अपिलात वरचं कोर्ट पुरावा तपासतं आणि माणूस निर्दोष ठरू शकतो. शिक्षा बदलणं म्हणजे फाशीची जन्मठेप, जन्मठेपेची सात वर्षं. सूट म्हणजे शिक्षा तीच, भोगायची कमी. सार्वत्रिक माफी म्हणजे एका वर्गाच्या कैद्यांना एकदम सोडणं. यांतल्या फक्त पहिल्या वाटेने डाग पुसला जातो. बाकीच्या वाटांनी माणूस घरी येतो, पण कागदावर गुन्हेगारच राहतो. पंजाबात ती पहिली वाटच बंद होती, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या मते मुख्य तक्रार हीच आहे. दया भरपूर झाली. न्याय मागायला खिडकी नव्हती.

९. पण शिक्षा कमी केली म्हणजे सरकारने चूक कबूलच केली ना?

नाही. सरकारने तसं कधी म्हटलं नाही. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्राचे संपादक कालीनाथ रॉय यांचा खटला पाहा. एप्रिलच्या सुरुवातीचे लेख, राजद्रोहाचं कलम, दोन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. गांधीजींनी त्यांचे लेख पुन्हा छापून वाचकांना विचारलं की यात राजद्रोह दाखवा. सरकारने शिक्षा दोन वर्षांवरून तीन महिन्यांवर आणली.

आता हा तीन महिन्यांचा आकडा कुठून आला? लेख खरोखर राज्य उलथवणारे असतील तर तीन महिने थट्टा आहे. नसतील तर तीन दिवसही जास्त आहेत. आकड्यामागे तर्क नाही, सोय आहे: ओरड थोडी कमी व्हावी आणि कमिशन खोटंही पडू नये. सरकारी फेरविचाराचं असंच असतं. तो दोन्ही डगरींवर पाय ठेवू शकतो. न्यायाधीशाला अपिलात ते करायला जास्त लाज वाटते.

१०. प्रिव्ही कौन्सिलमध्ये कोणी गेलं होतं का? निकाल काय लागला?

गेले होते. अमृतसरच्या खटल्यांमधले २१ जण. निकाल ‘बुग्गा विरुद्ध सम्राट’ या नावाने ओळखला जातो, १९२० चा. लोकांची समजूत अशी की तिथे पुरावा तपासला गेला. तसं नव्हतं. प्रिव्ही कौन्सिल फौजदारी प्रकरणात साधं अपील कोर्ट म्हणून बसत नसे. वाद होता तो अधिकाराचा: व्हाइसरॉयला असा वटहुकूम काढता येतो का, मागच्या तारखेचे गुन्हे त्यात ओढता येतात का. उत्तर आलं, येतात. अपील फेटाळलं गेलं.

त्यानंतर अपील करणाऱ्यांपैकी बुग्गा आणि रतनचंद या दोघांच्या फाशीवरून पुन्हा मोहीम उभी राहिली आणि त्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली. प्रश्न ७ मधल्या कायम राहिलेल्या २३ फाशी सगळ्याच अमलात आल्या नाहीत, त्या अशा प्रकरणांमुळे. कोर्टात हरले आणि सरकारी टेबलावर वाचले.

११. मार्शल लॉ जूनमध्ये उठला. मग त्याखालचे कैदी आपोआप सुटायला हवे होते, नाही का?

प्रश्न बरोबर आहे, आणि सरकारलाही तो पडला होता. मार्शल लॉच्या अधिकाऱ्याने दिलेली शिक्षा मार्शल लॉबरोबर संपते, असा युक्तिवाद इंग्रजी कायद्यात चांगलाच जुना आहे. म्हणून सप्टेंबर १९१९ मध्ये इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलने इंडेम्निटी ॲक्ट केला. तो अधिकाऱ्यांना खटल्यांपासून वाचवण्यासाठी होता हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातच एक तरतूद अशी की मार्शल लॉखाली शिक्षा झालेल्यांची कैद कायदेशीर मानली जाईल आणि चालू राहील. मदनमोहन मालवीय यांनी विधेयकाविरुद्ध प्रदीर्घ भाषण केलं. मतं सरकारकडे होती.

१२. हंटर कमिटीने शिक्षा का रद्द केल्या नाहीत?

तिला तो अधिकारच नव्हता. पंजाबातल्या या घटनांची चौकशी करायला सरकारने नेमलेली ती समिती होती. उलट कैद्यांच्या प्रश्नावरच काँग्रेस तिच्यापासून दूर राहिली: पंजाबचे पुढारी तुरुंगात आहेत, त्यांना चौकशीपुरतं तरी बाहेर सोडा, म्हणजे आपली बाजू मांडता येईल, ही मागणी सरकारने मानली नाही. मग काँग्रेसने स्वतःची चौकशी केली. त्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे मुकुंदराव जयकर होते.

हंटर अहवालाचा फेरविचाराशी संबंध आला तो वेगळ्या बाजूने. समितीतल्या हिंदी सदस्यांनी, त्यात चिमणलाल सेटलवाड होते, लिहिलं की हे बंड नव्हतंच. बंड नव्हतं तर कलम १२१ कशावर उभं राहतं? (प्रश्न ४.) पण अहवाल मे १९२० मध्ये बाहेर आला, तोवर पुढारी सुटून महिने झाले होते.

१३. राजाच्या जाहीरनाम्याने सगळे सुटले, हे खरं का?

सगळे नाही. २३ डिसेंबर १९१९ ला नव्या सुधारणा कायद्याला मान्यता देताना पंचम जॉर्जने जाहीरनामा काढला. त्यात राजकीय कैद्यांना दया दाखवायला व्हाइसरॉयला सांगितलं होतं, पण ‘सार्वजनिक सुरक्षिततेला बाध न येता’. ही अट महत्त्वाची. कोण सुरक्षित आणि कोण नाही, हे सरकारच ठरवणार होतं. खून-जाळपोळीच्या खटल्यांतले बरेच जण आत राहिले.

जे सुटले ते मात्र नाट्यमय रीतीने सुटले. चार दिवसांनी अमृतसरलाच काँग्रेस भरायची होती, मोतीलाल नेहरू अध्यक्ष. किचलू, सत्यपाल तुरुंगातून थेट मांडवात आले. खिलाफतीचे पुढारी अली बंधूही बैतूलच्या तुरुंगातून आले, आणि (तुरुंगाचं) परतीचं तिकीट काढूनच आलोय, असं महंमद अली म्हणाले. टिळकांनी अमृतसरला जाताना वाटेतच जाहीरनाम्याला उत्तर देणारी तार केली. ‘प्रतियोगी सहकारिता’, म्हणजे सरकार जितकं सहकार्य करेल तितकंच आपण करायचं, हा आपल्याकडे पुढे गाजलेला शब्द त्या वेळचा.

१४. मग सावरकर बंधूंना त्या माफीत का सोडलं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा भांडायच्या तयारीने येतो. उत्तर प्रश्न १३ मधल्या अटीत आहे. त्याच जाहीरनाम्याखाली अंदमानातून बारींद्र घोष आणि इतर काही जण सुटले. सावरकर बंधूंना सरकारने सुरक्षित मानलं नाही. विनायकरावांचा ३० मार्च १९२० चा अर्ज याच जाहीरनाम्याचा आधार घेऊन केलेला आहे, आणि गांधीजींनी मे १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त या दोघांना सोडा म्हणून लिहिलं. हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. ‘माफी’ या एका शब्दावर वर्षानुवर्षं डोकी फोडणाऱ्यांनी आधी प्रश्न ८ वाचला तरी पुष्कळ.

१५. फटक्यांच्या शिक्षेचा फेरविचार झाला का?

कसा होणार? हंटर अहवालात समरी कोर्टांच्या हुकमाने फटके खाल्लेल्यांचा आकडा २५८ आहे. कैद अर्ध्यावर थांबवता येते, दंड परत देता येतो. हे तिथल्या तिथे उरकलेलं असायचं.

१६. शिक्षा झालेला माणूस पुढे मंत्री झाला, ही दंतकथा आहे का?

खरी गोष्ट आहे. लाहोरचे लाला हरकिशनलाल, बँका आणि कारखाने काढणारे. लाहोर पुढाऱ्यांच्या खटल्यात राजाविरुद्ध युद्धाबद्दल जन्मभर काळं पाणी आणि मालमत्ता जप्त. शिक्षा दोन वर्षांवर आली, डिसेंबर १९१९ मध्ये सुटका झाली, आणि १९२१ मध्ये द्विदल राज्यपद्धती आली तेव्हा ते पंजाब सरकारात मंत्री झाले. त्यांना मंत्री नेमणारा गव्हर्नर कोण? मॅक्लॅगनच.

१७. आपल्याकडे सोलापूरला १९३० मध्ये असंच झालं ना?

काही बाबतीत. मे-जून १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता, आणि त्याखालच्या गोष्टींना कायद्याचं पांघरूण घालायला तिथेही वटहुकूम लागला, प्रश्न ११ सारखाच. पण एक गल्लत टाळा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली, ती मार्शल लॉ कोर्टाने दिलेली नव्हती. तो खटला नेहमीच्या फौजदारी न्यायालयात चालला. म्हणजे अपील असूनही माणूस वाचतोच असं नाही. याच्या उलट १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी टळली, त्यामागे नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी चालवलेली मोहीम होती.

१८. मला मूळ कागद बघायचे आहेत. कुठे शोधू?

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होम खात्याच्या ‘पोलिटिकल’ फायली आहेत. ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ घरबसल्या दिसतात. प्रांतिक कागद लाहोरला, आणि इंडिया ऑफिसचे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका, एकच नाव तीन फायलींत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. बापाचं नाव आणि गाव जुळतं का ते पाहा. आणि नुसता निकाल सापडला म्हणून थांबू नका. शिक्षा बदलल्याचा हुकूम बहुधा वेगळ्या फायलीत, नंतरच्या तारखेला असतो. घरात ‘आजोबांना फाशी झाली होती’ असं सांगत असतील आणि आजोबा १९४० मध्ये शेतात काम करत असतील, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.